पाण्यातच राहणाऱ्या बेडकांचा आंतरकर्ण : तुलना करताना आधी काय वेगळे काढावे

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. आफ्रिकेतला नखधारी बेडूक, म्हणजे झेनोपस लेव्हिस, जन्मभर पाण्यात राहतो आणि त्याच्या डोक्यावर कानाचा पडदा दिसत नाही. मग त्याचा आंतरकर्ण जमिनीवरच्या बेडकांपेक्षा मुळातूनच वेगळा असतो का? तो माशासारखा ऐकतो असे म्हणावे का? आणि अशा तुलनेसाठी आपल्याकडचा तळ्यातला पाणबेडूक चालेल का? माझा बराचसा काळ बेडकांची डोकी सोडवण्यात आणि त्यांचे छेद पाहण्यात गेला आहे, त्यामुळे या प्रश्नांना थोडे सविस्तर उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की पाण्यात राहिल्यामुळे होणारे मोठे फेरफार आंतरकर्णापर्यंत जाणाऱ्या वाटेत दिसतात. प्रत्यक्ष आंतरकर्णाची घडण बऱ्याच अंशी बेडकाच्या कुळाने ठरवलेली असते. या दोन गोष्टी आधी वेगळ्या काढल्या नाहीत तर प्रत्येक फरक पाण्याच्या खात्यावर जमा होतो आणि तुलना फसते. माझ्या पाहण्यात आलेल्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका याच ठिकाणी झालेल्या आहेत.

प्रथम समान भाग पाहू. बेडकाच्या प्रत्येक आंतरकर्णात आठ संवेदी जागा असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिकांच्या मुळाशी एकेक शिखा असते, म्हणजे तीन; त्यानंतर युट्रिकल, सॅक्युल आणि लॅजेना या तीन पिशव्यांतली एकेक; आणि शेवटी खास ऐकण्याच्या दोन, अँफिबियन पॅपिला आणि बेसिलर पॅपिला. ही यादी झेनोपसला लागू आहे, त्याच्याच कुळातल्या पिपा या बेडकाला लागू आहे आणि आपल्या शेतातल्या बेडकालाही लागू आहे. पाण्यात राहणाऱ्याची एखादी जागा कमी झाली किंवा माशासारखी एखादी नवी आली, असे होत नाही. तीन नलिकांबद्दल येथे अधिक लिहीत नाही, कारण त्या तोल आणि डोक्याची फिरकी मोजतात व तुमच्या प्रश्नाचा गाभा ऐकण्याचा आहे.

अँफिबियन पॅपिला मात्र नीट समजून घ्यायला हवी. आपल्या कानातल्या शंखाकृती नलिकेत रोमपेशी, म्हणजे टोकाला केसांसारखे तंतू असलेल्या संवेदी पेशी, एका लवचीक पडद्यावर बसतात आणि आवाजाने तो पडदा हलतो. बेडकात तसा पडदा नाही. येथे रोमपेशी ताठ, न हलणाऱ्या ऊतीवर पॅपिलेच्या छतातून खाली लोंबतात आणि त्यांच्या टोकांना चिकटलेले जेलीसारखे आच्छादक पटल द्रवाच्या हालचालीबरोबर हलते. जमीन स्थिर आणि पांघरूण हलते, अशी ती रचना आहे. तरीही या पॅपिलेत सुरांची जागावार वाटणी होते : पुढच्या भागात खालचे सूर, मागे जावे तसतसे वरचे. बेसिलर पॅपिला त्यामानाने साधी. सॅक्युलपासून निघालेली एक आखूड नळी, तिच्या दुसऱ्या टोकाला पातळ संपर्कपटल आणि मध्ये आच्छादक पटलाचा अर्धवट पडदा. तिच्यात रोमपेशी शंभराच्या आसपास असतात आणि त्या सगळ्या मिळून जवळपास एकाच सुराभोवती जुळलेल्या असतात. अमेरिकन बुलफ्रॉगमध्ये अँफिबियन पॅपिला साधारण १०० ते १,००० हर्ट्झच्या पट्ट्यात काम करते आणि बेसिलर पॅपिला त्याच्या वर. (अमेरिकन बुलफ्रॉग आणि आपला पिवळाधमक होणारा भारतीय बुलफ्रॉग हे वेगळ्या कुळांतले प्राणी आहेत, नाव सारखे म्हणून आकडे इकडून तिकडे उचलू नयेत.)

आता कुळाचा वारसा म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील थंड, वेगवान ओढ्यांत अस्कॅफस हा बेडूक राहतो. त्याच्या अँफिबियन पॅपिलेत रोमपेशींचा एकच, साधारण त्रिकोणी तुकडा असतो. इतर बेडकांत त्या तुकड्याच्या मागे जी शेपटीसारखी वाढ असते, ती त्याच्यात नाही. राना (नेहमीचे बेडूक) किंवा हायला (झाडावरचे बेडूक) यांच्या गटात हीच वाढ लांबत जाऊन इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळते आणि पॅपिलेचा वरच्या सुरांचा पल्ला वाढवते. फक्त अस्कॅफस आणि राना यांना शेजारी ठेवले, तर ‘ओढ्याच्या खळखळाटात राहणाऱ्याला वरचे सूर नकोत, म्हणून पॅपिला आखूडली’ असा निष्कर्ष चटकन सुचतो आणि तो पटण्यासारखाही वाटतो. पण न्यूझीलंडमधल्या लिओपेल्मा गणातल्या बेडकांची पॅपिलाही तशीच एका तुकड्याची आहे, आणि त्या गणातल्या काही जाती ओढ्यापासून दूर, ओल्या जंगलात दगडांखाली राहतात. त्यांची पिल्ले पाण्यात पोहणाऱ्या बेडूकमाशाच्या अवस्थेतूनही जात नाहीत. म्हणजे एक ओढ्यात, एक जमिनीवर, आणि पॅपिला एकच. हे दोन्ही गण आजच्या बेडकांच्या वंशवृक्षात सर्वांत आधी फुटलेल्या फांदीवर आहेत. साधी पॅपिला हा तिथला वारसा आहे, त्यात पाण्याचा हात नाही. झेनोपसच्या पिपिडी कुळात पुढचा तुकडा आणि मागची वाढ असे दोन्ही भाग आहेत. त्यामुळे ‘जलचर म्हणून आदिम’ हा शिक्का त्याच्यावर मारता येत नाही.

वाटेकडे वळू, कारण विषय खरा समृद्ध आहे तो येथे.

हवेतला आवाज शरीरात शिरताना मोठी अडचण येते : पाण्याचा ध्वनिरोध हवेच्या सुमारे ३,६०० पट असल्याने ऊतीवर आदळलेल्या आवाजाची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. म्हणून जमिनीवरच्या बेडकाला पातळ कर्णपटल, त्याला जोडलेली कर्णस्तंभिका नावाची काडीसारखी दांडी आणि तिचा पाय ज्यावर टेकतो ते छोटे अंडाकृती गवाक्ष लागते. पाण्याखाली अडचण उलटी होते. बेडकाच्या ऊती ध्वनीच्या दृष्टीने पाण्यासारख्याच असल्यामुळे आवाज शरीरात अडथळ्याविना घुसतो. डोके, कवटी, आंतरकर्ण आणि त्यातला द्रव हे सगळे जवळपास एकत्रच हलतात. ऐकायचे तर काहीतरी एक दुसऱ्याच्या तुलनेत वेगळे हलले पाहिजे, आणि पाण्यात ते काम दोनच गोष्टी करू शकतात : ऊतीपेक्षा खूप जड काहीतरी, किंवा दाबाने सहज आकसणारे काहीतरी. जड वस्तू म्हणजे सॅक्युलमधले कर्णखडे. आकसणारी वस्तू म्हणजे हवा.

झेनोपसने दुसरा मार्ग धरला आहे, हे त्याचे डोके सोडवताना डोळ्यांनी दिसते. डोळ्याच्या मागे कातडी सलग असते, गोल पडद्याची खूण नाही. कातडी काळजीपूर्वक सोलली की खाली मोतिया रंगाची, किंचित फुगीर अशी कूर्चेची चकती दिसते. सुईच्या टोकाने कडेला हलके दाबले तर ती खाली दबते आणि सोडली की वर येते; आसपासचे स्नायू तसे वागत नाहीत. हीच त्याची कर्णपटलाची जागा. चकतीच्या आतल्या बाजूने कर्णस्तंभिका निघते आणि मागे-आत वळून अंडाकृती गवाक्षापर्यंत जाते. चकतीच्या पाठीमागे मध्यकर्णाची पोकळी आहे आणि जिवंत प्राण्यात ती हवेने भरलेली असते. आता डोके उलटे करून टाळू पाहा. राना गटाच्या बेडकात जबड्याच्या दोन कोपऱ्यांजवळ युस्टेशियन नलिकांची, म्हणजे मध्यकर्ण तोंडाशी जोडणाऱ्या नळ्यांची, दोन वेगळी तोंडे दिसतात. झेनोपसमध्ये, किंबहुना साऱ्या पिपिडी कुळात, टाळूच्या मध्यरेषेवर एकच सामाईक तोंड असते. दोन्ही कानांची हवा तेथे एकत्र येते. ज्यांना ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी दाखवली, त्यांना पुढचा विषय समजावून सांगावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

ही चकती पाण्याखाली खरोखर काम करते का, हे १९९५ साली ख्रिस्तेनसेन-डाल्सगार्ड आणि एलेपफांट यांनी लेझरच्या साहाय्याने मोजले. भूल दिलेल्या झेनोपसवर पाण्याखालून आवाज सोडला तेव्हा चकतीची हालचाल आसपासच्या ऊतीपेक्षा २० ते ४० डेसिबलने अधिक निघाली. तिच्या प्रतिसादात दोन उंचवटे होते. पहिला ०.६ ते १.१ किलोहर्ट्झच्या दरम्यान होता आणि तो फुप्फुसांवरच्या शरीरभिंतीच्या कंपनाशी जुळत होता. दुसरा १.६ ते २.२ किलोहर्ट्झच्या दरम्यान होता आणि तो मध्यकर्णातल्या हवेच्या बुडबुड्याच्या आकुंचन-प्रसरणाच्या गणिताशी जुळत होता. मध्यकर्णात पाणी भरल्यावर चकतीची हालचाल १० ते ३० डेसिबलने घटली. प्रयोगातला हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हवा काढून घेतल्याबरोबर कान मंदावला आणि कारण-परिणाम तेथेच स्पष्ट झाले. नर झेनोपसची साद पाण्याखालीच निघते. त्याला स्वरकोश नाही, तो हवाही बाहेर सोडत नाही, आणि त्याच्या टिकटिकीचा मुख्य जोर २ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. चकतीचा दुसरा उंचवटा नेमका तेथे पडतो.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : नाही, झेनोपस ‘माशासारखा’ ऐकतो असे सरसकट म्हणू नये. कित्येक मासे जड कर्णखड्यांच्या भरवशावर पाण्याच्या कणांची हालचाल पकडतात. झेनोपस मुख्यतः हवेच्या मदतीने दाब पकडतो. कार्प आणि मागूर यांच्या गटातले मासे मात्र हवेचा आधार घेतात : त्यांच्यात वाताशयाची कंपने मणक्यांपासून बनलेल्या छोट्या हाडांच्या साखळीतून आंतरकर्णाकडे जातात. साम्य शोधायचेच असेल तर ते या माशांशी शोधावे, आणि तेही तत्त्वापुरते. अवयव वेगळे आहेत आणि ते स्वतंत्रपणे घडलेले आहेत.

माशासारखे म्हणावे असे झेनोपसकडे दुसरे काही आहे, आणि गोंधळ बहुधा त्यातूनच होतो. प्रौढ झेनोपसच्या अंगावर पार्श्वरेषा टिकून असते. तिचे अवयव कातडीवर धावदोऱ्याच्या टाक्यांसारखे ओळीने दिसतात आणि त्यांच्यातही रोमपेशीच असतात. पडद्याच्या जागी सलग कातडी आणि अंगभर हे टाके पाहिले की कानाचे काम पार्श्वरेषेने उचलले असेल असे वाटते. पण पार्श्वरेषा जवळच्या पाण्याची मंद हालचाल आणि पृष्ठभागावरचे तरंग टिपते. पाण्यात पडलेल्या किड्याकडे झेनोपस वळतो तो तिच्या आधारे. दूरवरच्या नराची साद ती टिपू शकत नाही. मेंदूच्या मागच्या भागातही पार्श्वरेषेचे आणि कानाचे तंतू वेगवेगळ्या केंद्रांत उतरतात. रोमपेशी समान आहेत म्हणून काम समान, असे धरू नये.

सॅक्युलबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण जमीन आणि पाणी यांतला एक खरा फरक तेथे सापडतो. बेडकाचा सॅक्युल नुसता तोल सांभाळत नाही. तो कंपनांना विलक्षण संवेदनशील आहे. पोर्तो रिकोमधल्या पांढऱ्या ओठांच्या लेप्टोडॅक्टिलस बेडकावर नॅरिन्स आणि लुईस यांनी केलेल्या कामात जमिनीच्या कंपनांची जी संवेदना आढळली ती गुरुत्वप्रवेगाच्या दहा लाखाव्या भागाहूनही सूक्ष्म होती. जमिनीवरच्या बेडकात या कामाला एक जोडवाटही असते. अंडाकृती गवाक्षात कर्णस्तंभिकेच्या पायाशेजारी ऑपर्क्युलम नावाची कूर्चेची टिकली बसलेली असते, आणि एक छोटा स्नायू तिला खांद्याच्या पट्ट्याशी जोडतो. पुढचे पाय जमिनीवर टेकले की जमिनीची थरथर पाय, खांदा, स्नायू आणि टिकली अशी आंतरकर्णात पोहोचते. बुलफ्रॉगच्या बेडूकमाशाचे बेडकात रूपांतर होताना, म्हणजे पाण्यातून बाहेर येण्याच्या बेतात, ही जोडणी तयार होते, आणि त्याच सुमारास काही काळ त्याचे ऐकणे जवळपास बंद पडते, हे १९९७ च्या एका अभ्यासात दाखवले गेले आहे. तळ्याच्या मधोमध तरंगणाऱ्या झेनोपसला पायाखाली जमीनच नाही. त्याच्यात ही जोडणी कार्यरत स्वरूपात आढळत नाही. हा फरक मी पाण्याच्या खात्यावर निःशंकपणे लिहीन. मात्र येथेही सॅक्युल स्वतः शाबूत आहे. बंद झाली आहे ती त्याच्याकडे येणारी एक वाट.

आता एक सावधगिरी, जी पुस्तकात सहसा ठळकपणे लिहिलेली नसते. ताज्या डोक्यातला सॅक्युल उघडला की कालवलेल्या चुन्यासारखा पांढरा लगदा बाहेर येतो. ते कर्णखड्यांचे कण, कॅल्शियम कार्बोनेटचे. झेनोपसमध्ये सॅक्युलचे कण अरागोनाइट स्फटिकाचे आणि युट्रिकलचे कॅल्साइटचे असतात. रसायन एकच, स्फटिकाची ठेवण वेगळी. हे कण आम्लात विरघळतात. साठवणीतले फॉर्मलिन हळूहळू आम्ल होत जाते, आणि बफर (आम्लता रोखणारा क्षार) न घातलेल्या फॉर्मलिनमध्ये काही वर्षे पडलेल्या नमुन्याचा सॅक्युल रिकामा निघू शकतो. मी स्वतः शिकत असताना अशा एका जुन्या बरणीतल्या नमुन्यावरून ‘या जातीत कर्णखडे अत्यल्प’ अशी नोंद वहीत केली होती. ताजा नमुना मिळाला तेव्हा पिशवी काठोकाठ भरलेली होती. हाड मऊ करण्यासाठी आम्लात ठेवलेल्या डोक्याच्या छेदांतही हेच होते. मध्यकर्णातल्या हवेचेही तसेच : साठवणीच्या द्रवात ती जागा द्रवाने भरते, आणि छेद पाहणाऱ्याला तेथे हवा होती हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून जलचर बेडकाच्या कानाची तुलना करायची तर शक्यतो न कापलेल्या डोक्याचे सूक्ष्म सीटी स्कॅन आधी घ्यावे, मग छेद घ्यावेत, आणि नमुना किती वर्षे कशात होता हे नोंदवावे.

‘पडदा नाही म्हणजे ऐकणे कमी’ या समजुतीविषयीही सांगतो. तीन प्राणी शेजारी ठेवा. झेनोपस पूर्ण जलचर, पडदा दिसत नाही, पण कातडीखाली मोठी चकती आणि हवेची पोकळी. युरोप-आशियातला बॉम्बिना बराचसा पाण्यातच राहतो. त्याला पडदा नाही आणि कर्णस्तंभिकाही नाही, तरी तो साद घालतो आणि खालचे सूर ऐकतो. तिसरा ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातला भोपळी रंगाचा इवलासा ब्रॅकिसेफॅलस : पाण्याशी संबंध नाही, मध्यकर्ण नाही, आणि २०१७ साली असे दाखवले गेले की त्याच्या दोन जातींना स्वतःच्याच सादेचे वरचे सूर ऐकू येत नाहीत, कारण आंतरकर्णातली बेसिलर पॅपिलाच नीट वाढलेली नसते. आंतरकर्णाची खरी घट हवी असेल तर ती या जमिनीवरच्या प्राण्यात सापडते. राहण्याच्या जागेवरून कानाचे भाकीत करता येत नाही, ते यामुळे.

पाण्याच्या काठचा आणखी एक टोकाचा प्रकार आहे. चीनमधला ओडोराना टोरमोटा हा वेगवान ओढ्यांजवळ राहतो आणि ३४ किलोहर्ट्झपर्यंतचे, म्हणजे माणसाच्या ऐकण्यापलीकडचे, आवाज त्याला कळतात. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याचे कर्णपटल पातळ आणि खोलगट जागेत बसलेले आहे. ओढ्याचा कल्लोळ खालच्या सुरांत जास्त असतो, म्हणून साद वर सरकली, आणि कान तिच्या मागोमाग गेला. लक्षात घ्या, हा बेडूक पाण्यालगत राहतो, पण साद हवेतून घालतो आणि हवेतूनच ऐकतो. ‘जलचर’ हा शब्द वापरताना प्राणी कोठे बसतो यापेक्षा तो कोणत्या माध्यमातून ऐकतो, हे आधी लिहावे.

त्यावरून तुमचा तिसरा प्रश्न सुटतो. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक तळ्यात, खाणीच्या डबक्यात आणि भातखाचरात दिसणारा, पाय टाकताच पाण्यावरून उड्या मारत निसटणारा युफ्लिक्टिस हा दिवसाचा मोठा भाग पाण्यात काढतो. पण तो तरंगताना डोळे आणि कान पाण्याबाहेर ठेवतो, साद हवेत घालतो आणि त्याच्या डोळ्यामागचा गोल पडदा स्पष्ट दिसतो. त्यामुळे झेनोपसचा पर्याय म्हणून तो चालणार नाही. मात्र तुलनेतला मधला दुवा म्हणून तो उत्तम आहे : त्याचे कुळ राना गटाजवळचे, राहणी पाण्याची आणि ऐकणे हवेतले. त्याच्या शेजारी त्याच कुळातला, पण वर्षाचा बराच काळ जमिनीवर काढणारा बेडूक घ्या. कूळ एक आणि राहणी दोन, अशी जोडी झाली की जो फरक उरेल तो पाण्याचा म्हणता येईल. दुसऱ्या बाजूने झेनोपससोबत पिपिडी कुळातलाच पिपा किंवा हायमेनोकायरस घ्या, म्हणजे कुळाचा ठसा कोणता ते कळेल.

नमुन्यांसाठी तळ्यावर जाळे घेऊन जाऊ नका. वन्य बेडूक पकडण्यासाठी लागणारी परवानगी आधी तपासा, आणि त्याआधी आपल्या महाविद्यालयाच्या संग्रहालयातली कपाटे उघडा. पदवीच्या वर्गांत बेडकाचे विच्छेदन चालत असे त्या काळातल्या बरण्या बऱ्याच ठिकाणी पडून आहेत. त्यांतल्या सॅक्युलवर विश्वास ठेवू नका, पण कर्णस्तंभिका, ऑपर्क्युलम, टाळूवरची युस्टेशियन तोंडे आणि अंडाकृती गवाक्षाची मापे त्यांतून उत्तम मिळतात. मापे घेताना कवटीची लांबीही प्रत्येक वेळी नोंदवा, कारण मोठ्या बेडकाचा कान मोठा असणारच. आणि प्रत्येक बरणीवरचे नाव पुन्हा ओळखून घ्या. गेल्या वीस वर्षांत आपल्याकडच्या युफ्लिक्टिसच्या एका नावाखालून अनेक जाती वेगळ्या निघाल्या आहेत.